चहाचे पान आणि तोरण्याचा पाऊस



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'चहा' असे उत्तर दिले. ऐकून मंडळी जरा घुटमळली. ज्या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय आणि अर्थकारण यांवर बोलले जाते तेथे चहा कशाला, असा त्यांचा भाव असावा. चहा व्याख्यानानंतर घ्यायचा असतो, व्याख्यानात नव्हे! पण या विषयाला आपल्याकडे चांगला जुना वारसा आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, म्हणजे १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यानाचा कार्यक्रम झाला. तो आटोपल्यावर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. पाहुण्यांत रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हातात धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि सारे शहर ढवळून निघाले. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. मिशनऱ्यांच्या हातचा पेला हा वादाचा मुद्दा होता हे खरे. पण अखेर महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ते प्रकरण चहाच्याच नावाने राहिले. तेव्हा चहावर व्याख्यान देण्यात आम्ही काही अघटित करीत आहोत असे नाही.

तरीही आम्ही हा विषय का घेतला, ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आषाढात आम्ही वेल्ह्याकडे गेलो होतो. तोरण्याच्या पायथ्याशी एका ओळखीच्या घरी थांबलो. बाहेर असा पाऊस, की समोरचा गड असून नसल्यासारखा झालेला. घरातल्या बाईंनी चहा पुढे केला आणि ओशाळून म्हणाल्या, "गुरुजी, कोराच आहे हां. दूध सकाळीच डेअरीला गेलं." त्यांचा मुलगा मुंबईला एका गोदामात कामाला. भातलावणीसाठी आठ दिवसांची रजा काढून आला होता. कोऱ्या चहाचा घोट घेत त्याने विचारले, "गुरुजी, आपल्याकडं एवढा पाऊस आहे, एवढा डोंगर नुसता पडलाय. मग इथं चहाचे मळे का होत नाहीत? मळे असते तर आम्हांला मुंबई कशाला लागली असती?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर आम्हांला त्या ओसरीवर देता आले नाही. आम्ही "पाहू या" म्हणालो आणि खरोखरच पाहिले. जे दिसले तेच आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. बाजारात काळा चहा, हिरवा चहा, पांढरा चहा, चिनी लोकांचा उलोंग अशी नाना नावे ऐकू येतात, आणि ही सारी वेगवेगळी झाडे असावीत असे वाटते. वस्तुतः ती सारी एकाच झाडाची पाने. वनस्पतिशास्त्रात त्या झाडाला 'कॅमेलिया सायनेन्सिस' म्हणतात. त्याच्या मुख्य जाती दोन. एक चिनी : पान लहान, वाढ बेताची, थंडी सोसणारी. दुसरी आसामी : पान तळहाताएवढे, वाढ जोमाची, उबदार आणि दमट हवा मागणारी. दार्जिलिंगच्या उतारावर मुख्यतः चिनी जातीची झाडे आहेत. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आसामी. या दोहोंच्या संकरातून आणि निवडक झाडांच्या कलमांतून आजचे पुष्कळसे वाण झाले. मळ्यात आपण चहाचे कमरेएवढे झुडूप पाहतो म्हणून त्याला झुडूप समजतो. त्याला कोणी हात लावला नाही तर त्याचे चांगले तीस-चाळीस फुटांचे झाड होते. माणसाने छाटून छाटून त्याला बुटके ठेवले आहे, कारण त्याला खोडाशी कर्तव्य नाही, कोवळ्या शेंड्याशी आहे.

आसामी जातीची कथा मोठी बोधप्रद आहे. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याला आसामच्या जंगलात हे झाड पाहायला मिळाले. तेथील सिंगफो लोक ते आधीपासूनच वापरीत होते. पाने भाजून, बांबूच्या नळ्यांत ठासून, धुरावर ठेवीत होते. पण सरकारदरबारी वर्षानुवर्षे एकच घोळ चालला : हा खरा चहा की रानटी? १८३४ साली चहासाठी समिती नेमली गेली. चीनमधून बियाणे आले, कारागीर आले. चिनी रोपांवर फार पैसा खर्च झाला आणि आसामच्या सपाटीवर त्यांनी म्हणावे तसे बस्तान बसवले नाही. अखेर त्या 'रानटी' झाडानेच हात दिला. १८३९ च्या १० जानेवारीला आसामच्या चहाच्या आठ पेट्या लंडनमध्ये लिलावात विकल्या गेल्या, आणि हिंदुस्थानचा चहा जगाच्या बाजारात उतरला. पुढे मणिराम दिवाण या आसामी गृहस्थांनी स्वतःचे मळे उभे केले. भारतीयांतले ते पहिले मळेवाले. १८५७ च्या उठावात हात असल्याच्या आरोपावरून १८५८ साली इंग्रजांनी त्यांना फाशी दिले. ज्या कपाला आपण करमणूक समजतो त्याच्या तळाशी असा इतिहास आहे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. पाऊस पुष्कळ, डोंगर पुष्कळ. मग चहा का नाही?

आम्ही नीलगिरीत कोटगिरीला गेलो होतो तेव्हा तेथील एका रोपवाटिकेतून बारा रोपे घेऊन आलो. मृगाचा पाऊस पडल्यावर त्याच घरच्यांच्या परवानगीने ती लावली. पाच भातखाचराच्या बांधाला, पाच वरच्या उतारावर आणि दोन घराच्या परसात. शेजारीपाजारी पाहायला आले. कोणी म्हणाले, "गुरुजींनी दार्जिलिंग आणलं!" दार्जिलिंगचे आणि कोटगिरीचे अंतर त्यांना समजावण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही.

श्रावण संपता संपता बांधावरची पाचही रोपे पिवळी पडली. एक उपटून पाहिले तर मुळे काळी, कुजलेली. शेतकऱ्याने पाहताक्षणी निदान केले : "पाणी लागलं याला." भाताची आणि चहाची गंमत अशी आहे, की दोघांनाही पाणी हवे, पण भाताला ते पायाशी साठलेले चालते आणि चहाला पायाशी थेंबभरही साठून चालत नाही. डोक्यावर पडावे आणि पायाखालून निघून जावे, असे पाणी त्याला लागते. म्हणून चहाचे मळे उतारावर असतात, आणि आसामसारख्या सपाटीवर असले तर मळाभर खोल चर खणलेले असतात.

उतारावरची पाच मात्र तरारली. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा नवी पालवी चमकत होती. आम्हांला आनंद झाला, आणि तो तरुण तर मनाने मळेवालाच झाला होता. पण कार्तिक सरला, मार्गशीर्ष आला, पौष आला. आकाशातून थेंब नाही. माघात पानांच्या कडा करपल्या. शिमग्याला तीन रोपे गेली. उरलेली दोन चैत्राचे ऊन पाहून गेली.

येथे आमच्या प्रश्नाचे उत्तर होते. सह्याद्रीच्या या माथ्यावर पाऊस थोडा नाही. आपल्या शेजारच्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. चहाला साधारण दीड ते अडीच हजार मिलिमीटर पुरतो. पण आपला जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने डोंगर उन्हात तापत पडतो. चहाला वर्षाचे बारा महिने थोडे थोडे लागते. आसामात फाल्गुन-चैत्रातच वळिवाच्या सरी सुरू होतात. दक्षिणेत नीलगिरी, मुन्नार, वालपराई या भागांत नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस येतो. शिवाय उंचीमुळे धुके असते, थंडावा असतो. डोंगररांग तीच, आपलाच सह्याद्री. पण दक्षिणेकडे त्याला पाऊस दोन हप्त्यांनी मिळतो आणि आपल्याला एकरकमी. एकरकमी आलेला पैसा घरात टिकत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पाण्याचेही तसेच. वेल्ह्याचे पाणी महाडकडे आणि धरणांकडे निघून जाते. वैशाखात त्याच वाडीतल्या बाया झऱ्याशी हंडा घेऊन रांगेत बसतात.

परसातल्या दोन रोपांचे सांगायचे राहिले. एक मोरीच्या तोंडाशी होते. भांडी घासलेले राखेचे पाणी त्याला मिळे. ते रोप खुरटले आणि मेले, कारण राख अल्कधर्मी असते आणि चहाला आम्ल जमीन लागते. लिंबू पिळल्यासारखी थोडी आंबट म्हणा ना. दुसरे रांजणाशेजारी, फणसाच्या सावलीत होते. पाय धुतलेले, तांब्यातून सांडलेले असे थोडे थोडे पाणी त्याला बाराही महिने मिळत राहिले. ते जगले. बारांतून एक! चहाच्या झाडाला काय हवे याचा सारा ग्रंथ त्या रांजणाच्या कडेला लिहिलेला होता : सावली, आंबट माती, निचरा आणि थोडे पण रोजचे पाणी.

तिसऱ्या वर्षी ते झुडूप मांडीएवढे झाले आणि आम्ही त्याचा चहा करायचा ठरवला. मळ्यातली रीत अशी, की शेंड्याची न उमललेली कळी आणि तिच्याखालची दोन पाने, एवढेच खुडायचे. आपण मेथी खुडतो तसेच. जून देठ घेतला की चव गेली. खुडले की झाड पुन्हा फुटते, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा खुडणी. दर काही वर्षांनी झाड चांगले छाटतात, म्हणजे ते पुन्हा जोमाने फुटते.

आमच्या झुडपाने ओंजळभर पाला दिला. तो हुंगून पाहिला तर चहाचा वास नाही! नुसता हिरवा, गवतासारखा. चहाचा वास झाडावर नसतो. तो माणसाने आणावा लागतो. तो कसा आणतात ते पाहू.

पहिली पायरी पाने कोमेजू देण्याची. आम्ही ती सुपात पसरून रात्रभर पडवीत ठेवली. कारखान्यात जाळीच्या लांबलचक हौद्यांवर पसरतात आणि खालून वारा सोडतात. बारा ते अठरा तास लागतात. ताज्या पानात पाऊण हिश्शाहून अधिक पाणी असते. ते थोडे उडाले की पान मऊ होते. देठ वाकवला तर मोडत नाही.

दुसरी पायरी वळण्याची. घरातल्या बाईंनी पाटावर पाने घेऊन शेवया वळाव्यात तशी तळहाताने वळली. हात हिरवे, चिकट झाले. याचे कारण असे, की वळताना पानाच्या आतल्या बारीक पेशी फुटतात आणि त्यांतला रस बाहेर येतो. कारखान्यात हे काम यंत्रे करतात. जुनी पद्धत पान अखंड ठेवून पिळण्याची. तिला 'ऑर्थोडॉक्स' म्हणतात. दुसरी पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली, तिला 'सीटीसी' म्हणतात. चिरडणे, फाडणे आणि वळवणे या तीन क्रियांच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. दातेरी रुळांच्या जोड्या असतात. एक रूळ सावकाश फिरतो, दुसरा त्याच्या कितीतरी पट वेगाने, आणि मधून जाणाऱ्या पानाचे बारीक गोळीदार दाणे होतात. भारतात होणारा बहुतेक चहा आज असाच होतो. आपल्या घरच्या डब्यातला दाणेदार चहा तो हाच.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. वांगे चिरून ठेवले की काळे पडते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पेशी फुटल्यावर आतला रस हवेशी भेटतो आणि रंग बदलतो. चहाच्या पानाचेही नेमके तेच. आम्ही वळलेला पाला पाटावर पसरून ओल्या फडक्याखाली ठेवला. तासाभरात तो तांबूस झाला, दोन तासांत तांब्याच्या जुन्या पैशासारखा. आणि वास पालटला. गवताचा वास गेला, पिकत घातलेल्या फळासारखा गोड वास आला. मळेवाले याला आंबवणे म्हणत आले आहेत. पण इडलीच्या पिठासारखे आंबवणारे जंतू येथे नसतात, हवेचेच हे काम. येथेच निरनिराळ्या चहांची वाट फुटते. पाने खुडल्यावर लगेच वाफेवर किंवा कढईत तापवली तर ही क्रिया सुरूच होत नाही आणि हिरवा चहा होतो. वाफ ही जपानी रीत, कढई ही चिनी. क्रिया अर्ध्यात थांबवली की उलोंग, पुरी होऊ दिली की काळा चहा. पांढरा चहा म्हणजे कोवळ्या कळ्या फारशी ढवळाढवळ न करता नुसत्या कोमेजवून वाळवलेल्या. झाड एक, पान एक. फरक फक्त किती वेळ थांबायचे याचा.

चौथी पायरी आंच. गरम हवेच्या यंत्रात पान असे वाळवतात की शंभरात तीनएक हिस्सेच पाणी राहावे. आमच्या तव्यावर थोडे करपले. अखेर ओंजळभर पाल्याची चिमूटभर भुकटी उरली. कारखान्याचाही हिशोब हाच : सुमारे साडेचार किलो हिरव्या पानाचा एक किलो चहा. आमच्या चिमटीत चार घोट पाणी लाल झाले. धुरकट पण खरोखरीचा चहा! घरातल्या आजींनी घोट घेतला आणि निकाल दिला : "एवढ्या खटपटीपरीस आपला गवती चहा बरा." आजींना आम्ही काय सांगणार? गवती चहा हे गवत आहे, चहाशी त्याचे नात्यागोत्याचे काही नाही, त्यात तरतरी आणणारे कॅफिनही नाही. पण परसात लावले की मुकाट्याने वाढते आणि तोडले की त्याच क्षणी सुवास देते. आजींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते.

पाचवी पायरी चाळणीची. अखंड पान, तुकडा, बारीक तुकडा आणि भुकटी अशी प्रतवारी होते. 'ऑरेंज पेको' या नावात संत्र्याचा संबंध नाही. ते पानाच्या आकाराचे नाव. 'डस्ट' म्हणजे झाडलेली धूळ असे पुष्कळांना वाटते, तेही खरे नाही. तो त्याच चहाचा सर्वांत बारीक कण. लवकर उतरतो, दाट रंग देतो, म्हणून टपरीवर त्याला मान.

आता घरच्या उपयोगाचे दोन शब्द. आपल्या डोंगरात हिरडा आहे. हिरडा तुरट, लोखंडाचा संबंध आला की त्याचे पाणी काळे पडते, म्हणूनच पूर्वी त्याची शाई करीत. चहातही त्याच जातीची तुरट द्रव्ये आहेत. दूध घातले की दुधातली प्रथिने त्या द्रव्यांना धरून ठेवतात आणि जिभेला तुरटपणा कमी लागतो. म्हणून कडक सीटीसी चहाला दूध शोभते. पुण्याच्या अमृततुल्यांनी आले-वेलदोड्यासह तो उकळून उकळून त्याची कीर्ती केली. दार्जिलिंगचा चहा मात्र उकळू नये, त्यावर आधणाचे पाणी ओतून झाकून ठेवावे. या दार्जिलिंगला भारतातले पहिले भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळी खुडणीच्या त्याच्या खास सुवासात तुडतुड्यांच्या चाव्याचाही वाटा असतो. कीड लागली म्हणून किंमत वाढणारे पीक विरळाच! आणि चहाला वरून रंग दिल्याची शंका आली तर थोडी भुकटी ओल्या टिपकागदावर पसरावी. लगेच रंगीत डाग उमटून पसरला तर तो चहा परत करावा.

इतके झाल्यावर आम्ही त्या तरुणाला उत्तर द्यायला मोकळे झालो होतो : बाबा रे, पाऊस आहे पण वाटणी नाही, म्हणून मळे नाहीत. पण त्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहतो. मळे असते तर मुंबई लागली नसती का?

आसामचे मळे कोणी उभे केले ते पाहा. तेथे मजूर पुरेनात, म्हणून छोटा नागपूर, ओरिसा, मध्यप्रांत या भागांतून संथाळ, मुंडा, उराँव अशा आदिवासींना कराराने नेले. भूलथापांनी नेले, आगबोटीत कोंबून नेले. वाटेतच पुष्कळ मेले. करार मोडून पळणाऱ्याला धरण्याचा अधिकार मळेवाल्यांना कायद्यानेच होता. १९२१ च्या मे महिन्यात चारगोला खोऱ्यातल्या हजारो मजुरांनी 'मुलुक चलो' म्हणत मळे सोडले आणि घरची वाट धरली. चांदपूरच्या स्थानकावर रात्री गुरखा शिपायांनी त्यांच्यावर हल्ला केला. घरी जाऊ पाहणे एवढाच त्यांचा अपराध. म्हणजे चहाच्या मळ्याने लोकांना गावी ठेवले नाही. लोकांना गाव सोडायला लावूनच मळा उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मळामजुरांसाठी कायदा झाला. घर, दवाखाना, पाळणाघर यांची तरतूद झाली. तरी २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात रोजची रोख मजुरी वाढून किती झाली? २५० रुपये. त्या वर्षी देशात १३९ कोटी किलोंच्या आसपास चहा झाला. त्यातला निम्म्याच्या आसपास एकट्या आसामचा, आणि पाचांतले चार हिस्से तुम्ही-आम्ही देशातच प्यायलो.

हे पिणेही आपोआप वाढले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी चहा निघत होता तो परदेशासाठी. १९०३ साली चहाच्या प्रचारासाठी चहावरच कर बसला, आणि १९३० नंतरच्या मंदीत परदेशी बाजार आखडला तेव्हा मळेवाल्यांनी इकडे मोर्चा वळवला. स्थानकांवर देशी भाषांतल्या पाट्या लागल्या, बाजारात फुकट पेले वाटले गेले. पुढे बारीक दाण्याचा स्वस्त चहा आला आणि चिमटीत घरभर चहा होऊ लागला. शहराची चैन होती ती वेल्ह्याच्या वाडीतही गरज झाली.

शेवटी एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या मते या साऱ्यातून घेण्याजोगी तीच आहे. आज देशातल्या चहाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा मोठ्या मळ्यांतून येत नाही. तो एक-दोन एकरवाल्या लहान शेतकऱ्यांच्या पानांतून येतो. त्यांच्यापाशी कारखाना नसतो. पान खुडले की ते थांबत नाही. काही तासांत कारखान्यात पोचले नाही तर तापते, सडते. म्हणून कारखानदार देईल तो भाव घ्यावा लागतो. हे सांगू लागलो तेव्हा त्या घरातल्या बाई मध्येच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या दुधावाणीच की!" आम्ही तीन वर्षे जे शोधीत होतो ते त्या एका वाक्यात म्हणून मोकळ्या झाल्या. दूध काय, चहाचे पान काय. ज्याला माल ठेवता येत नाही त्याला भाव करता येत नाही. पान डोंगरावर होते, पण पानाचा चहा कारखान्यात होतो. आणि किंमत चहाची असते, पानाची नसते.

भोर-वेल्ह्याला चहा पिकणार नाही, त्याचे दुःख करू नये. आपल्याकडे आंबेमोहर आहे, नाचणी आहे, हिरडा आहे, दूध आहे. पण भात आपण भात म्हणून विकतो, सडीचा तांदूळ दुसराच कोणी विकतो. हिरडा आपण गोळा करून पोत्याने देतो, त्याचे औषध दुसरीकडे होते. दूध विकून आपण कोरा चहा पितो. चहाचे झाड आपल्याला मिळाले नाही, पण चहाचा धडा मिळायला हरकत नाही. तो धडा एवढाच, की जे पिकते ते वाळवणे, कांडणे, राखणे आणि त्याची प्रत लावणे आपल्या हाती असावे. एकट्याच्या हाती जमत नसेल तर चारचौघांच्या मिळून असावे.

रांजणाजवळचे ते झुडूप अजून आहे. यंदा त्याला पांढरी, पिवळ्या केसरांची लहानशी फुले आली. तो तरुण अजून मुंबईलाच आहे. पण गेल्या दिवाळीला गावातल्या पाच घरांनी मिळून आंबेमोहर सडून घेतला आणि पिशव्या भरून पुण्यात थेट विकला. फार नव्हता, काही पोती होता. भाव विचारायला मात्र यंदा दुसऱ्याच्या दारी जावे लागले नाही, असे त्याने आवर्जून कळवले. आम्हांला त्यांच्याकडे जायचे आमंत्रण आहे, आणि बाईंनी निरोप धाडला आहे : "गुरुजी, तुमच्यापुरतं दूध काढून ठेवीन."

मंडळी, बाहेर आधण उकळल्याचा वास येऊ लागला आहे, आणि वक्त्याला याहून स्पष्ट सूचना कोणती? पेला हातात आला की क्षणभर आठवा, की त्यातले पान कोणा बाईने आसामच्या उन्हात खुडले आहे आणि त्यातले दूध कदाचित तोरण्याखालच्या कोणा घरून आले आहे, जेथे आज चहा कोराच झाला असेल.